दोन पोर्टचा फास्ट चार्जर: दुसरी केबल खोचल्यावर काय होतं ते तपासा

प्रश्न थोडक्यात असा: "३५ वॅटचा छोटा चार्जर घेतला, एक टाइप-सी पोर्ट आणि एक जुना यूएसबी-ए. सॅमसंगचा २५ वॅटवाला फोन एकटा लावला की ‘सुपर फास्ट चार्जिंग’ दिसतं. शेजारच्या ए पोर्टला मुलीचा दहाव्या पिढीचा आयपॅड लावला की फोन नुसतं ‘चार्जिंग’ म्हणतो, आणि आयपॅड रात्र सरली तरी भरत नाही. चार्जर चांगलाच तापतो, आयपॅडच्या पाठीला हात लावला की झिणझिण्या येतात. माल नकली आहे का, घरी तपासायचा कसा, आणि रात्रभर बोर्डात ठेवला तर चालेल का?"

नकली असेलच असं नाही. फोनची गती उतरणं, तापणं आणि झिणझिण्या हे तिन्ही चांगल्या, नोंदणीकृत चार्जरमध्येही होतं. आयपॅड रात्रभरात न भरणं मात्र सरळ नाही, त्याकडे नंतर येतो. पॉवर सप्लाय तपासणं हेच माझं काम असल्यामुळे असे चार्जर टेबलावर सतत येत असतात. दोन पोर्टच्या चार्जरबद्दल माझं एकच म्हणणं आहे: खोक्यावरचा आकडा एका पोर्टचा असतो आणि तुम्ही पैसे देता दुसऱ्या पोर्टसाठी. त्यामुळे खरी तपासणी दुसरी केबल खोचल्यावर सुरू होते. बहुतेक परीक्षणं त्याच्या आधीच संपलेली असतात.

आधी चार्जरच्या अंगावरचा मजकूर वाचा. पांढऱ्या प्लास्टिकवर करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला असतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. तुमच्या वर्णनाशी जुळणाऱ्या चार्जरवर साधारण असं लिहिलेलं असतं: सी पोर्टला ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १२ व्होल्ट २.९ अँपिअर, पुढे पीपीएस (फोनला व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी मागता येण्याची सोय) ३.३ ते ११ व्होल्ट, ३ अँपिअर. मग ए पोर्टचे आकडे. आणि अगदी तळाशी, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेला चिकटून एक ओळ: सी अधिक ए, ५ व्होल्ट ३ अँपिअर.

यातले ३५ वॅट कुठून आले ते बघा. १२ गुणिले २.९, म्हणजे ३४.८. हा आकडा फक्त १२ व्होल्टवर जमतो, आणि फोन सहसा १२ व्होल्ट मागतच नाही. तो ९ व्होल्टच्या आसपास मागतो, तिथे हाच चार्जर २७ वॅटचा आहे. शेवटच्या ओळीप्रमाणे दोन्ही पोर्ट वापरात आले की सगळं मिळून १५ वॅट. म्हणजे ३५ चे १५ होणं हा बिघाड नाही, चार्जर तसाच बनवलेला आहे. लेबलवर छापलेलं आहे म्हणून त्याला कायदेशीर फसवणूक म्हणता येणार नाही. खोक्यावर ३५ हा आकडा अंगठ्याएवढा आणि १५ हा राईएवढा छापण्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

असं का करतात? चार्जरच्या आत २३० व्होल्टच्या एसीचं आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं. मग एक स्विच ते सेकंदाला लाखभर वेळा तोडतो-जोडतो आणि चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे कमी व्होल्टेज निघतं. ते किती असावं हे फोन ठरवतो. टाइप-सीच्या सीसी नावाच्या तारेवरून फोन आणि चार्जर यांचं बोलणं होतं, चार्जर आपली यादी सांगतो, फोन त्यातलं एक मागतो. स्वस्त आणि छोट्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची ही लाइन एकच असते आणि दोन्ही पोर्ट तिच्यावरच टांगलेले असतात. फोनला ९ व्होल्ट हवे आणि ए पोर्टवरच्या यंत्राला ५ पेक्षा जास्त चालत नाहीत, तर दोघांना सोसेल असं एकच व्होल्टेज उरतं, ५. म्हणून दुसरा प्लग आला की चार्जर सगळ्यांना ५ वर उतरवतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक पोर्टला स्वतंत्र डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे त्या पोर्टचं व्होल्टेज वेगळं बदलणारं सर्किट. त्याला जागा लागते, पैसे लागतात आणि थोडी उष्णताही वाढते. ॲपलचा ३५ वॅटचा दोन टाइप-सी पोर्टवाला चार्जर फोन आणि टॅबलेट एकत्र लावल्यावर प्रत्येकाला १७.५ वॅटपर्यंत देतो, तो या जातीतला. लेबलवर "सी अधिक सी, २० वॅट अधिक १५ वॅट" असं काही लिहिलेलं दिसलं तर आत दोन वेगळ्या लाइन आहेत असं समजायला हरकत नाही. "एकूण ५ व्होल्ट ३ अँपिअर" दिसलं तर एकच.

आता आयपॅड. ए पोर्टवर सीसीची तार नसते. तिथली जुनी बोली डेटाच्या दोन तारांवरच्या व्होल्टेजने चालते, क्विक चार्ज ही जलद चार्जिंगची पद्धत त्यातलीच, आणि आयपॅडला क्विक चार्ज कळत नाही. त्यामुळे ए पोर्टवर एकटा असतानाही तो ५ व्होल्टवरच राहतो, साधारण २.४ अँपिअर, म्हणजे १२ वॅट. दहाव्या पिढीच्या आयपॅडची बॅटरी २८.६ वॅट-तासांची आहे. वाटेतलं नुकसान धरून ३३-३४ वॅट-तास ओतावे लागतात, म्हणजे १२ वॅटने तीन तास आणि शेवटची संथ चढण धरून थोडं जास्त. फोनबरोबर १५ वॅट वाटून घेतले, वाट्याला सात वॅट आले, तर पाच तास. स्क्रीन चालू असेल तर त्यातलं बरंच तिथेच खर्च होतं.

पण रात्रभर पडलेल्या, स्क्रीन बंद असलेल्या आयपॅडला सात-आठ तास पुरायला हवेत. तुमचा भरत नाही, म्हणजे वाटणीच्या पलीकडे काहीतरी आहे. केबल, ए पोर्ट, नाहीतर पोर्टमधला कचरा. इथून पुढे मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

लागणारं हत्यार एकच आहे: केबलच्या मधे बसणारा टाइप-सी यूएसबी मीटर. एफएनबी५८ किंवा पॉवर-झेडचा केएम००३सी यांसारखे मीटर ऑनलाइन मिळतात. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधे मीटरही मिळतील. घेताना बघायचं ते एवढंच की तो सीसीची तार पुढे नेतो का आणि चार्जरची यादी वाचून दाखवतो का. नुसता व्होल्ट-अँपिअर दाखवणारा ए पोर्टचा जुना मीटर इथे अर्धंच काम करेल. बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या मोबाइल ॲपवर मात्र चार्जरचा निकाल लावू नका. ते बॅटरीत शिरणारा करंट दाखवतं, चारेक व्होल्टवरचा. चार्जर ९ व्होल्ट २ अँपिअर देत असेल तर ॲपमध्ये ४ अँपिअर दिसू शकतात आणि माणूस खूश होतो. वॅट तेवढेच.

मीटर चार्जरच्या सी पोर्टला लावा आणि आधी यादी वाचून लेबलशी ताडून बघा. यादीत पीपीएस दिसतं का हे तुमच्या सॅमसंगसाठी महत्त्वाचं. पीपीएसमध्ये फोन २० मिलिव्होल्टच्या पायरीने व्होल्टेज मागतो, त्यामुळे फोनच्या आतलं रूपांतराचं काम आणि तापणं कमी होतं. सॅमसंगचं २५ वॅटचं ‘सुपर फास्ट’ त्याशिवाय चालत नाही. पीपीएस नसलेल्या ६५ वॅटच्या लॅपटॉप चार्जरवरही हा फोन १५ वॅटच्या आसपासच घेतो. ४५ वॅटवाल्या सॅमसंगची गोष्ट आणखी वेगळी. त्याला १० व्होल्टला साडेचार अँपिअर लागतात, म्हणजे चार्जरचं पीपीएस ३ अँपिअरपाशी थांबत असेल तर खोक्यावर ४५ लिहिलेलं असूनही उपयोग नाही, आणि केबलही ५ अँपिअरची, चिप असलेली हवी. वनप्लस, ओप्पो, विवो, रिअलमी, शाओमी यांची मोठमोठ्या वॅटची चार्जिंग त्यांच्या त्यांच्या घरच्या बोलीत चालतात. दुसऱ्याच्या चार्जरवर ते फोन किती घेतील हे मॉडेलगणिक बदलतं, आणि अशा फोनसाठी दोन पोर्टचा चार्जर घेताना खोक्यावरच्या वॅटला फारसा अर्थ उरत नाही.

मग फोन लावा. बॅटरी १५-२० टक्क्यांवर असू द्या, कव्हर काढा, स्क्रीन बंद. ऐंशी टक्के भरलेल्या फोनवर चार्जर तपासणाऱ्यांचे व्हिडिओ मी बघितले आहेत. तिथे फोनच करंट कमी करून बसलेला असतो, चार्जर बिचारा काय करणार. फोन तापला तरी तो मागणी उतरवतो. एकट्या फोनवर मीटर ९ व्होल्टच्या पुढेमागे आणि अडीच अँपिअरच्या आसपास, २० ते २५ वॅट दाखवत असेल तर सी पोर्ट ठीक आहे.

आता मुख्य भाग. मीटरवर नजर ठेवून ए पोर्टमध्ये आयपॅडची केबल खोचा. एका लाइनच्या चार्जरवर मीटरचा पडदा क्षणभर विझतो. पोर्टवरचा पुरवठा तुटलेला असतो. फोन थरथरून चार्जिंग सुटल्याचं सांगतो, सेकंदभराने पडदा उजळतो आणि ९.०२ च्या जागी ५.१ उभे असतात. फोन पुन्हा थरथरतो, या वेळी ‘सुपर फास्ट’शिवाय. चांगल्या चार्जरमध्ये पडदा विझत नाही. चार्जर फक्त नवी, लहान यादी पाठवतो, फोन त्यातलं घेतो, आणि व्होल्टेज न तुटता आकडा सरकतो. फोन-टॅबलेटला त्या सेकंदाने काही होत नाही, त्यांच्या पोटात बॅटरी आहे. पण अशा पोर्टवर कोणी राउटर किंवा रास्पबेरी पायसारखा चिमुकला संगणक चालवत असेल, तर शेजारी इअरबड्स लावल्याबरोबर तो बंद पडून पुन्हा सुरू होईल.

दुसरी केबल काढल्यावर काय होतं ते तर हमखास बघा. काही सेकंदांत ९ व्होल्ट परत यायला हवेत. काही चार्जर ५ वरच बसून राहतात, सी ची केबलही काढून पुन्हा लावल्याशिवाय वर येत नाहीत. इअरबड्सची डबी लावून पाहा. ती दोन-तीन वॅट घेते, भरली की जवळपास शून्य. तरी चार्जर तिला पाहुणी समजून फोनला ५ व्होल्टवर अडकवून ठेवतो का? काही चार्जरना तर ए पोर्टमध्ये नुसती लायटनिंगची केबल, पुढे काही न लावता, पुरते. केबलमधली चिप किंचित करंट खाते आणि चार्जरला वाटतं कुणीतरी आलंय. रोजच्या वापरात हा दोष सगळ्यात जास्त छळतो, कारण माणूस फोनला दोष देत राहतो.

तुमच्या आयपॅडसाठी मीटर ए पोर्टच्या बाजूला आणा. ए मधून टाइप-सी मीटरमध्ये जायला अडॅप्टर लागेल, किंवा इथे मात्र तो जुना ए मीटर चालेल. एकटा आयपॅड दोनेक अँपिअरच्या वर घेतोय का? घेत नसेल तर केबल बदला. ए ते सी केबल ही या सगळ्या कुटुंबातली सर्वात उपेक्षित वस्तू, कुठल्यातरी जुन्या स्पीकरबरोबर आलेली. हिशोब साधा आहे. २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा, तर तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध एक मीटर लांबीला ०.२१ ओहम असतो, जाणारी-येणारी मिळून ०.४३. त्यातून २.४ अँपिअर नेले तर एक व्होल्ट वाटेतच पडतो. ५.१ निघाले, ४.१ पोचले. आयपॅड व्होल्टेज पडताना बघून करंट कमी करतो, एक अँपिअर, कधी त्याहून कमी, आणि मग रात्र पुरत नाही. २४ गेजची तार असेल तर त्याच करंटला नुकसान जेमतेम ०.४ व्होल्ट. केबलच्या अंगावर गेज छापलेला असतोच असं नाही, म्हणून मीटर एकदा चार्जरच्या टोकाला आणि एकदा आयपॅडच्या टोकाला लावून दोन्ही व्होल्टेज लिहून घ्या. फरक म्हणजे केबल. माझा अंदाज तुमची गोम इथेच असेल हा आहे. केबल बदलूनही चार्जरच्या टोकालाच ४.७ च्या खाली दिसत असेल तर ए पोर्ट दुबळा आहे, चार्जर परत करा. आयपॅडच्या पोर्टमध्ये दप्तरातला कापूस आणि पेन्सिलीचा भुसा साठतो तोही लाकडी टूथपिकने, आयपॅड बंद करून, काढून बघा.

तापण्याबद्दल. हाताला चटका बसणं हे मोजमाप नाही. प्लास्टिक ५०-५५ अंशांना गेलं की हातात धरवत नाही, आणि थोडा वेळ हात लागणाऱ्या प्लास्टिकला सुरक्षेचं मानक ७७ अंशांपर्यंत मुभा देतं, तेही खोलीचं तापमान २५ धरून. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० ला असते. वरचे पंधरा अंश चार्जरच्या अंगावर जसेच्या तसे चढतात.

उष्णता येते कुठून ते समजलं की भीती जरा आवरते. ९ व्होल्टला २७ वॅट देताना चार्जर नव्वद टक्के कार्यक्षम असेल तर बोर्डातून ३० घेतो, तीन वॅट आत जिरतात. दोन्ही पोर्ट लावून ५ व्होल्टला १५ वॅट देताना कार्यक्षमता पंच्याऐंशीवर घसरली तर आत अडीच वॅटच्या वर जिरतात. म्हणजे काम जवळजवळ निम्मं होऊनही तापणं तेवढंच. कारण डायोड-मॉस्फेट (आतले करंट वळवणारे-तोडणारे भाग) आणि तांब्याच्या पट्ट्यांतलं नुकसान करंटवर ठरतं, आणि करंट दोन्हीकडे ३ अँपिअरच आहे. त्यात आकार. चार सेंटिमीटरच्या घनाला ९६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो, तीन सेंटिमीटरच्या घनाला ५४. गॅलियम नायट्राइड, ज्याला खोक्यावर ‘गॅन’ म्हणून मिरवतात, त्याने नुकसान थोडं कमी होतं आणि ट्रान्सफॉर्मर लहान होतो हे खरं. पण बनवणारे त्या बचतीतून चार्जर गार ठेवत नाहीत, तो आणखी छोटा करतात. दुकानात छोटाच विकला जातो.

तासभर भरल्या लोडवर ठेवल्याशिवाय तापण्याचा निकाल लागत नाही. आमच्याकडे त्यासाठी इलेक्ट्रॉनिक लोड, म्हणजे ठरवू तेवढा करंट ओढणारं यंत्र, असतो. घरी सगळ्यात चांगला लोड म्हणजे रिकामी केलेली २०,००० एमएएचची पॉवर बँक, १८ वॅट किंवा त्याहून जास्त घेणारी. तिला स्क्रीन नाही, फोनसारखे नखरे नाहीत, तासभर एकसारखा करंट घेते. सी ला पॉवर बँक लावा, मीटर मधे ठेवा, दर दहा मिनिटांनी वॅट टिपा. तापल्यावर काही चार्जर गुपचूप व्होल्टेज उतरवतात. सुरुवातीला १८ वॅट, चाळीस मिनिटांनी १०. हे संरक्षण म्हणून चांगलंच आहे, पण मग त्याला १८ वॅटचा म्हणू नये. तापमान मोजायला कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवलेलं के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) उत्तम. इन्फ्रारेड गन चालेल, फक्त अगदी जवळून आणि प्लास्टिकवर धरा. चकचकीत धातूच्या पट्टीवर ती काहीही आकडा सांगते. मुख्य अंगापेक्षा पिनांच्या मुळाशी जास्त गरम असेल, तर दोष चार्जरचा नसून सैल सॉकेटचा. आपल्याकडच्या एक्स्टेन्शनवर जे सगळ्या देशांच्या पिना घेणारं ‘युनिव्हर्सल’ सॉकेट असतं ते दोन गोल पिनांना नीट धरतच नाही. पिन काळी पडलेली, प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा जळकट वास असेल तर मोजत बसू नका, तिथेच थांबा.

एक इशारा: वॅटमीटर बोर्डात लावून कार्यक्षमता काढणार असाल तर तो खरे वॅट दाखवणारा हवा. एवढ्या छोट्या चार्जरमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं, म्हणजे बोर्डातून करंट एकसारखा ओढायला लावणारं, सर्किट नसतं, व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर खऱ्यापेक्षा बरंच जास्त येतं आणि चांगला चार्जर उगाच नापास होतो.

झिणझिण्या. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. विजेच्या बाजूची कटकट पलीकडे जाऊन फोनला त्रास देऊ नये म्हणून दोन्ही बाजूंच्या मधे एक वाय-कपॅसिटर लावलेला असतो. तो एक नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून ७२ मायक्रोअँपिअर गळू शकतात, २.२ चा असेल तर १६०. जुन्या मानकातली (आयएस १३२५२) मर्यादा २५० मायक्रोअँपिअर आहे. म्हणजे आयपॅडच्या ॲल्युमिनियमच्या पाठीवरून मनगट फिरवलं की खरखरीत लागणं, तेही अनवाणी फरशीवर उभं राहिल्यावर जास्त, हे मर्यादेच्या आतलं आहे. लाइन टेस्टर लावला तर त्यातला निऑन मिणमिणेल, मल्टिमीटर शंभरेक व्होल्ट एसीसुद्धा दाखवेल, आणि घरात आरडाओरडा होईल. त्या व्होल्टेजच्या मागे करंट नाही. पण झिणझिण्या वेगळ्या आणि चटका, स्नायू आखडणं वेगळं. चटका बसत असेल तर तो चार्जर पुन्हा कुठल्याच बोर्डात लावू नका. स्वस्तातल्या मालात खऱ्या वाय-कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर बसवलेला असतो, आणि साधा कपॅसिटर फुटला की तो शॉर्ट होऊ शकतो. मग २३० व्होल्ट आणि तुमचा हात यांच्या मधे काहीच उरत नाही.

याच कारणाने पडद्यावर आपोआप बोट फिरल्यासारखं होतं का तेही बघा. आयपॅड चार्जिंगला लावून चित्र काढताना रेघा तुटल्या, भलतीकडे ठिपके उमटले, तर चार्जरचा कॉमन-मोड नॉइज, म्हणजे केबलच्या सगळ्या तारांवर एकदम चढणारी ती कटकट, जास्त आहे. आउटपुटवरचा रिपल (व्होल्टेजची बारीक थरथर) आम्ही ऑसिलोस्कोपवर बघतो, २० मेगाहर्ट्झची मर्यादा लावून, प्रोबच्या टोकाला ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर जोडून. शंभर मिलिव्होल्टच्या आत असेल तर मी पुढे जातो. हे तुम्ही घरी करण्याची गरज नाही. चार्जर उघडून आत बघण्याची तर अजिबातच नाही. उपटून ठेवलेल्या चार्जरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट थोडा वेळ तसेच थांबलेले असतात.

न उघडता खरेपणा बघायचा तर बीआयएसची नोंदणी. चार्जरच्या अंगावर, फक्त खोक्यावर नव्हे, आयएस १३२५२ किंवा नव्या मालावर आयएस/आयईसी ६२३६८ असा मानकाचा उल्लेख आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की उत्पादकाचं नाव, पत्ता आणि वस्तूचा प्रकार येतो. क्रमांक खरा, पण निघाला भलत्याच वस्तूचा, असं होतं, म्हणून वस्तूचा प्रकारही वाचा. नोंदणी म्हणजे सुरक्षेची तपासणी झाली एवढंच. वॅटचा दावा खरा आहे असं ती सांगत नाही, ते तुमचा मीटर सांगेल.

तुमच्या घरात सध्या करायचं ते असं: केबल आणि ए पोर्ट तपासा, परत करायची मुदत संपायच्या आत. ठीक निघाले तर चार्जर ठेवून घ्या, फक्त अदलाबदल करा. संध्याकाळी फोन एकटा सी ला लावा, तासाभरात त्याचं बरंचसं काम होतं. रात्री सी ते सी केबलने आयपॅड एकटा सी ला लावा, त्याला हवे ते २० वॅट मिळतील. दोघं एकाच वेळी जोरात भरायचे असतील तर दोन लाइनचा, दोन टाइप-सीवाला चार्जर लागेल, आणि तो याच्यापेक्षा थोडा जाडच असणार.

रात्रभर बोर्डात ठेवायला हरकत नाही, उघड्या भिंतीवरच्या घट्ट सॉकेटमध्ये असेल तर. उशीखाली, गादीवर टेकलेल्या एक्स्टेन्शनवर किंवा पडद्याच्या मागे नको, तिथे उष्णतेला जायला वाटच नसते. बिलाची काळजी करू नका. या आकाराच्या चार्जरला काहीही न जोडता ०.१ वॅटच्या आत राहण्याची अमेरिकी मर्यादा आहे आणि बरे चार्जर ती पाळतात. वर्षभर तसाच ठेवला तरी एक युनिटही जळत नाही. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की मात्र काढून ठेवा. सर्ज झेलणारा व्हेरिस्टर इतक्या छोट्या चार्जरमध्ये बऱ्याचदा बसवलेलाच नसतो, आणि बोर्डाचं बटण एकच तार तोडतं, दुसरी जोडलेलीच राहते. तेव्हा बटण बंद करून भागत नाही, पिनच उपटायची.